ओजेटीत दाल मिल हाती आली तर: प्रकल्प व्यवस्थापनाची गावातली वाट

बीबीए, बीकॉम, एमबीए करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच पोरापोरींना ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, पुण्या-मुंबईची कंपनी मिळत नाही. मिळते ती तालुक्याची शेतकरी उत्पादक कंपनी, एखादं जिनिंग, बचत गटांचा प्रभागसंघ, नाहीतर वरुड-मोर्शीकडचं संत्र्याचं पॅकिंग केंद्र. तोंड वाकडं करू नका. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पुस्तकातला अर्धा अभ्यासक्रम इथे पहिल्याच महिन्यात समोर उभा राहतो, फक्त त्यावर पुस्तकातल्या नावाची पाटी नसते.

मीही याच वाटेने आले आणि आता अशाच कंपन्यांसोबत समन्वयाचं काम करते. हा लेख पहिल्यांदा फाइल हातात घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच धरू: कंपनीला तूरडाळीची मिनी दाल मिल उभी करायची आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान उद्योगासाठी मिनी दाल मिल विकसित केली, तेव्हापासून विदर्भात हा प्रकल्प ओळखीचा झाला आहे. माझा आग्रह एवढाच, की प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक तारीख हवी, आणि ती तारीख हंगाम पाहून लावलेली हवी.

निघण्याआधी जवळ काय हवं

तुमच्यासाठी: कॉलेजचं पत्र, एक जाड रजिस्टर (सुटे कागद नकोत), मोबाइलमध्ये स्कॅन करायचं अ‍ॅप आणि गूगल शीट. गँटप्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आराखडा काढायला पुरतं. एमएस प्रोजेक्ट विकत घ्यायची गरज नाही. गावात तो उघडून पाहणारं दुसरं कोणी नसतं.

प्रकल्पासाठी: जागेचा सातबारा किंवा गावठाणातली असेल तर नमुना 8, भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, संचालक मंडळाचा ठराव, उद्यम नोंदणी (ही सरकारी पोर्टलवर मोफत आहे, पैसे मागणाऱ्याला हात जोडा), अन्न परवाना, मशीनची किमान तीन कोटेशनं, वीजजोडणीच्या अर्जाची पोच आणि सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर.

यातला सातबारा पहिल्याच दिवशी उघडून नीट वाचा. जागा देणारे काकाजी समोर बसलेले असतात, पण उताऱ्यावर नाव त्यांच्या वडिलांचं असतं आणि वारसांचा फेरफार व्हायचा असतो. मग बहिणींच्या सह्या, तलाठी, नोटीस असं सगळं आलं. भाडेकरार 11 महिन्यांचा असेल तर मुदत कर्ज देणारी बँक तो सहसा स्वीकारत नाही. कर्जाच्या मुदतीला पुरेल असा नोंदणीकृत करार लागतो.

1. ‘संपलं’ कधी म्हणायचं, ते आधी ठरवा

अध्यक्षांना विचारलं की ते म्हणतील, “दाल मिल टाकायची हाय.” सचिवांच्या डोक्यात पॅकिंग मशीनही असतं. एका संचालकाला चुनी-भुशापासून पशुखाद्य करायचं असतं. बँकेला फक्त हप्ता सुरू व्हायला हवा असतो. ही चार वेगळी कामं आहेत आणि चौघेही त्याला एकाच नावाने हाक मारतात.

म्हणून एका पानावर लिहा: काय उभं राहणार, काय यात धरलेलं नाही, किती पैशात, कोणत्या तारखेला, आणि झालं हे कोण म्हणणार. इंग्रजीत याला प्रोजेक्ट चार्टर म्हणतात. ‘काय यात नाही’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उदाहरणार्थ: ‘पहिल्या टप्प्यात पॅकिंग मशीन नाही, पशुखाद्य नाही, कुंपण नाही.’ शेवटची ओळ मोजता येईल अशी ठेवा: ‘सलग तीन दिवस तूर भरडून, डाळीचा उतारा मोजून, अध्यक्ष आणि ऑपरेटरची सही.’ हे पान बैठकीत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर दोन अंगठे येतील आणि वाचलेलं कोणीच नसेल.

2. माणसांची यादी, आणि खरा शब्द कोणाचा चालतो

उत्पादक कंपनीला कायद्याने 5 ते 15 संचालक असतात. कागदावर निर्णय त्यांचा. प्रत्यक्षात कधी जुने सरपंच, कधी कृषी सेवा केंद्रवाले, कधी अध्यक्षांच्या घरच्या काकू यांचा शब्द शेवटचा असतो. एक तक्ता करा: माणूस, त्याला काय हवंय, तो काय अडवू शकतो, त्याच्याशी कोण बोलणार.

या यादीत शेडच्या शेजारचं घर हमखास सुटतं. तूर खरचटायला लागली की बारीक टरफलाची धूळ उडते. वारा पश्चिमेचा असेल तर ती शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, उन्हाळ्यात कुरड्यांवर जाऊन बसते. चाचणीच्याच दिवशी त्या माऊली ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या, तर ना-हरकत दाखल्याचा विषय पुन्हा निघतो. शेडचा नकाशा काढण्याआधी त्यांच्या अंगणात चहा प्या आणि वाऱ्याची दिशा त्यांनाच विचारा. धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी कोणत्या बाजूला लावायची, हे तिथेच कळेल.

3. कामाचे तुकडे पाडा

‘शेड बांधणे’ हे काम नाही, ते कामांचं गाठोडं आहे. आखणी, खोदकाम, मुरूम भरणे, फुटिंग (खांबाखालचा पाया), कॉलम, ट्रस (पत्र्यांखालचा सांगाडा), पत्रे, फरशी, मशीनचा पाया. तुकडा केवढा पाडायचा? एका माणसाला सोपवता येईल आणि आठवड्याभरात ‘झालं की नाही’ हे डोळ्यांनी दिसेल, एवढा. ‘लाइटचं पाहून राहिलो’ हा तुकडा होत नाही. ‘अर्ज भरला, पोच मिळाली’ हा होतो.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीचं लक्षात ठेवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरमाची भर आणि पायाची खोली यावर मिस्त्री ‘चालते ना मॅडम’ म्हणाला तरी इंजिनिअरचा शब्द लेखी घ्या. मशीन थरथरतं, पाया सरकला तर रोलरची पातळी बिघडते आणि डाळीऐवजी चुरी जास्त पडते.

4. तारखा शेवटाकडून मागे मोजा

या पायरीवर थोडं थांबू, कारण बहुतेक प्रकल्प इथेच गाळात जातात.

बहुतेक जण आज हातात काय आहे तिथून पुढे मोजत जातात. तुम्ही उलटे या. तूर घरात येते जानेवारी-फेब्रुवारीत. डाळ करताना तूर चाळतात, प्रतवारी करतात, रोलरवर खरचटतात, तेलाचा हात देऊन उन्हात वाळवतात, मग पाणी शिंपडून मुरवतात आणि भरडतात. लहान मिलमध्ये ही वाळवणी अंगणातल्या उन्हावर चालते. म्हणजे मृग लागेपर्यंतच तुमच्या हाती ऊन आहे. मिल एप्रिलमध्ये सुरू झाली तर वर्षभराचा हप्ता दीड-दोन महिन्यांच्या उन्हातून काढावा लागेल. तेव्हा चाचणी 15 जानेवारीपर्यंत संपलीच पाहिजे, असं धरू.

आता कामं आणि आठवडे. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही विचारून भरा.

क. जागेचा करार आणि ठराव: 2
ख. कर्जमंजुरी: 6 (क नंतर)
ग. शेड: 7 (ख नंतर)
घ. मशीनची ऑर्डर ते पोच: 5 (ख नंतर, कारण अ‍ॅडव्हान्स कर्जातून)
च. वीजजोडणी: 8 (क नंतर)
छ. बसवणी आणि चाचणी: 2 (ग, घ, च तिन्ही झाल्यावर)

वाटा तीन निघतात. क-ख-ग-छ 17 आठवडे, क-ख-घ-छ 15, क-च-छ 12. सगळ्यात लांब वाट 17 ची, तीच क्रिटिकल पाथ. तिच्यावरचं कुठलंही काम एक आठवडा लांबलं की चाचणी एक आठवडा लांबली. मशीनला 2 आठवड्यांची सवड आहे, विजेला 5 ची. गंमत बघा, संचालक मंडळ सगळ्यात जास्त वेळ मशीन पाहण्यात घालवतं, गाडी करून अकोला-नागपूर फिरून येतं, आणि शेडचा ठेकेदार ठरलेलाच नसतो.

ही पद्धत अमेरिकेत ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीने 1957 च्या सुमारास रेमिंग्टन रँडसोबत बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून पर्ट आलं, म्हणजे नक्की माहीत नसलेला कालावधी तीन आकड्यांवरून काढायची रीत. पर्ट आपल्याला विजेसाठी उपयोगी पडतं, कारण विजेचा नेमका आकडा कोणीच सांगत नाही. तीन आकडे विचारा: सगळं सुरळीत झालं तर 6 आठवडे, नेहमीसारखं 8, आणि जवळच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड बसत नाही म्हणून नवी डीपी लागली तर 22. सूत्र असं: सुरळीतचा एक, नेहमीचा चारपट, वाईटाचा एक, बेरीज भागिले 6. म्हणजे (6 + 32 + 22) ÷ 6 = 10. विजेची वाट 14 आठवड्यांची झाली, अजूनही 17 च्या आत.

पण सरासरीवर निजू नका. नवी डीपी खरंच लागली तर ती वाट 26 आठवड्यांची होते आणि शेड, मशीन सगळं तयार असून कुलूप लावून बसावं लागतं. म्हणून जागा पक्की करण्याआधीच महावितरणच्या स्थानिक कार्यालयात जाऊन त्या डीपीवर किती लोड शिल्लक आहे ते विचारा. करार झाला त्याच आठवड्यात अर्ज टाका, कर्जाची वाट पाहू नका. डिमांड नोट, म्हणजे जोडणीचे पैसे भरायचं पत्र, आलं की लगेच भरा. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: दर वेगळा, वीज पाळीने, आणि पकडलं तर दंड.

आता 15 जानेवारीतून 17 आठवडे वजा करा. तारीख येते 18 सप्टेंबर. कॅलेंडर उघडा. सप्टेंबर अखेरपासून सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळी, आणि शेडचं काम सुरू होणार 13 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन कापसाच्या वेचणीत. मिस्त्री मिळेल, त्याच्या हाताखाली माणूस मिळणार नाही. धान पट्ट्यात असाल, भंडारा-गोंदियाकडे, तर याच दिवसांत धानाची कापणी-मळणी. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं, तुम्हाला माहीत आहे. सुरुवात अलीकडे ऑगस्टमध्ये ओढा, नाहीतर मजुरी वाढवून धरा, नाहीतर ट्रस तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये तयार करून आणायचं ठरवा. पोळा, महालक्ष्म्या, गावचा सप्ताह, निवडणुकीची आचारसंहिता, मार्चअखेरची बँक, हे सगळं आराखड्यात आधीच रंगवून टाका.

आडव्या पट्ट्यांचा तो आराखडा म्हणजे गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो रुळवला. गावात तो मोठ्या कार्डशीटवर काढून कंपनीच्या ऑफिसात चिकटवा. लॅपटॉपमधला चार्ट फक्त तुम्हीच पाहता.

5. पैसा: किती गेला यापेक्षा किती काम झालं

सचिव सांगतात, “बजेटमध्येच हावो.” याचा अर्थ फक्त एवढा, की पैसे अजून संपलेले नाहीत. समजा शेडचं बजेट 6,00,000 आहे. आजपर्यंत निम्मं, म्हणजे 3,00,000 चं काम व्हायला हवं होतं. झालं 40 टक्के, म्हणजे 2,40,000 चं. खर्च झाला 2,80,000. खर्च 3,00,000 च्या आत आहे म्हणून सगळे खूश. पण 2,40,000 च्या कामाला 2,80,000 लागले. याच चालीने पूर्ण शेड 7,00,000 ला पडेल. लाखाचं भोक आजच दिसतंय. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात, आणि परीक्षेत घोकलेलं हे प्रकरण एवढंच आहे.

मोठा सापळा अनुदानाचा. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत, म्हणजे 2020 मध्ये आलेल्या पीएमएफएमईत, अनुदान पात्र खर्चाच्या 35 टक्के आणि कर्जाशी जोडलेलं असतं. ते हातात रोख येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात धरून ठेवतात आणि 3 वर्षांनी कर्जात वळतं करतात. तरीही डीपीआर तयार करून देणारे कधी कधी ते अशा रीतीने दाखवतात, की संचालकांना वाटतं शेडचे पैसे त्यातूनच सुटणार. महिनावार रोख आवक-जावक स्वतः मांडा आणि अनुदान त्यात धरूच नका. योजना आणि तिचे निकष आज काय आहेत, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पहिल्या महिन्यांत तूर विकत घ्यायलाही पैसे लागतात. मशीन कर्जातून येतं, पण तूर घ्यायला खेळतं भांडवल कुठून येणार, हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर बहुतेक मिळणार नाही, म्हणूनच विचारा.

6. काय अडेल

धोक्यांची यादी दहाच्या आत ठेवा, लांब यादी कोणी वाचत नाही. प्रत्येक धोक्यापुढे चार गोष्टी: शक्यता, फटका, आधी काय करायचं, नजर कोणाची. ‘मशीनवाला पोच लांबवेल’ हा धोका असेल तर उपाय कोटेशनमध्येच लिहून घ्यायचा: अ‍ॅडव्हान्स किती, पोच कधी, बसवणी कोणाच्या खर्चाने, आणि शेवटची रक्कम चाचणी झाल्यावरच. इसार देऊन मोकळे झालात की तुमचा फोन उचलायची त्याला घाई राहत नाही.

7. दर आठवड्याची बैठक

वार आणि वेळ एकच ठेवा. बाजाराच्या दिवशी संचालक तालुक्याला येतातच, तो दिवस बरा. मुलींनी शेवटची एसटी पाहून वेळ मागून घ्यावी, त्यात संकोच नको.

बैठकीत तीन प्रश्न: मागच्या आठवड्यात ठरलेलं झालं का, या आठवड्यात कोण काय करणार, कुठे अडलंय. ठेकेदाराशी बोलणं साधारण असं होतं:

“सोमवारी येतो ना भाऊ, होऊन जाईन, टेन्शन नका घेऊ.”
“कोणता सोमवार, भाऊ? तारीख सांगा, रजिस्टरात लिहितो.”
“लिहा मंग… पंधरवड्यानंतरचा.”

हा पंधरवडा तुम्हाला आज कळला, हाच बैठकीचा फायदा. वयाने मोठ्या माणसाला सर्वांसमोर ‘का झालं नाही’ विचारू नका. चूक काढल्यासारखं होतं आणि पुढच्या बैठकीला ते येत नाहीत. ‘काकाजी, यात आमच्याकडून काही राहिलं का?’ असं विचारा. खरं कारण निघतं. बहुतेक वेळा तुमच्याकडून एखादा कागद राहिलेलाच असतो.

त्याच रात्री ग्रुपवर चार ओळी टाका, त्याहून जास्त नको:

“शेड: ट्रस झाले, पत्रे गुरुवारी. वीज: पाहणी झाली, डिमांड नोट बाकी, सचिव शुक्रवारी जाणार. मशीन: ऑर्डर दिली. अडचण: मुरमाच्या 2 ट्रिपा कमी, उपाध्यक्ष पाहणार.”

8. मध्येच कोणी ‘हेही करून टाका’ म्हणालं तर

म्हणणारच. शेडला अजून दोन गाळे, चणाडाळीची सोय, उद्घाटनाला मंडप. नाही म्हणू नका, हो तर मुळीच म्हणू नका. ‘याने तारीख इतकी पुढे जाते, खर्च इतका वाढतो, बैठकीत ठरवू’ असं लेखी द्या. निर्णय त्यांचा, हिशोब तुमचा. विद्यार्थ्याने संचालकांच्या आपसातल्या राजकारणात बाजू घ्यायची नसते, चहा कोणाकडेही प्यायचा.

एक मात्र. कॉलेजात अजाइलवर, म्हणजे थोडं करून, लोकांना दाखवून, बदलत जायच्या पद्धतीवर, बरंच शिकवतात आणि पोरं सगळीकडे ते लावायला बघतात. शेडचा पाया अजाइल होत नाही. तो एकदाच आणि बरोबर घालावा लागतो. डाळीच्या विक्रीला मात्र ती पद्धत छान बसते. एक किलोची थोडी पाकिटं करा, आठवडी बाजारात ठेवा, बाया काय म्हणतात ते ऐका (पॉलिश नको, डाळ लवकर शिजते का, पाकीट महाग), पुढच्या आठवड्यात बदला.

9. ताबा देणं

फीत कापली म्हणजे प्रकल्प संपला, असं फक्त फोटोत दिसतं. ताब्याच्या दिवशी हे हवं: चाचणीचा उतारा (किती किलो तुरीतून किती डाळ, किती चुनी, किती भुसा), मशीनची वॉरंटी आणि मेकॅनिकचा नंबर भिंतीवर लिहिलेला, ऑपरेटर एकाऐवजी दोघे शिकलेले, सुट्या भागांची यादी, सगळ्या मूळ कागदांची एक फाइल आणि तिची स्कॅन प्रत कंपनीच्या ईमेलवर. तुमच्या वैयक्तिक ड्राइव्हवर ठेवून निघून जाऊ नका. वर्षाने लेखापरीक्षण येतं आणि सचिव तुम्हाला फोन करत बसतात.

10. तुमच्या पदरात काय

कॉलेजच्या अहवालात गावाचा इतिहास आणि लोकसंख्या पानंच्या पानं भरू नका. चार्टर, गँट चार्ट, मूळ तारीख आणि प्रत्यक्ष तारीख यांचा तक्ता, धोक्यांची यादी आणि बैठकांच्या रजिस्टरची दोन पानं जोडा. नागपूर-पुण्याच्या मुलाखतीत ‘वीजजोडणीमुळे क्रिटिकल पाथ कसा बदलू शकतो’ हे स्वतःच्या आकड्यांनी सांगणारा उमेदवार वेगळा दिसतो. कंपनीकडून अनुभव पत्र घेताना कामाचं स्वरूप आणि कालावधी लिहून घ्या, ‘उत्तम सहकार्य केले’ एवढ्यावर भागवू नका.

पुढे प्रमाणपत्र हवं असेल तर पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या 1969 पासूनच्या अमेरिकी संस्थेची कॅपम ही नवख्यांसाठीची परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही. बारावी आणि प्रकल्प व्यवस्थापनाचं 23 तासांचं शिक्षण लागतं. परीक्षेची फी विद्यार्थ्याला जड जाते, त्यामुळे नोकरी लागल्यावर कंपनीकडून भरून घेता आली तर बरं. अभ्यासासाठी केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर मोफत कोर्स असतात, पैसे फक्त परीक्षेचे. त्या 23 तासांसाठी कोर्स धरणार असाल तर प्रमाणपत्रावर तास लिहून येतात का, हे नाव नोंदवण्याआधीच पाहून घ्या.